‘फक्त १ लाख भरा, घर तुमचं’: शहापूर-मुरबाडला पहिलं घर घ्यायला खरंच किती पैसे साठवावे लागतात?

कल्याणवरून कसारा लोकल पकडा. टिटवाळा, खडवली मागे पडलं की वासिंद, आसनगाव, आटगाव. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं आणि मधेच उभ्या राहिलेल्या सात मजली इमारती. रस्त्याने गेलात तर मुंबई-नाशिक हायवेवर होर्डिंगच होर्डिंग. आणि दोन्ही चुकवलंत तरी व्हॉट्सॲपवर मेसेज येतोच, ‘स्टेशनपासून ५ मिनिटं, वन बीएचके, फक्त १ लाख भरा आणि चावी घ्या’.

ठाण्यात किंवा कल्याणला घर परवडत नाही म्हणून माणूस पुढे सरकत सरकत इथवर येतो. शहापूर-मुरबाडचीच पोरं गावच्या एकत्र घरातून बाहेर पडून तालुक्याच्या ठिकाणी स्वतःचं घर बघतात. दोघांचा पहिला प्रश्न एकच. हप्ता कसाबसा भरू, पण सुरुवातीला किती लागतील?

बँकेत याला ‘मार्जिन मनी’ म्हणतात, आपण डाऊन पेमेंट म्हणतो. घराच्या किमतीतला जो भाग बँक देत नाही तो आपल्या खिशातून जातो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. घोळ होतो तो पुढच्या हिशोबात.

१० टक्के की २० टक्के?

रिझर्व्ह बँकेचा नियम सरळ आहे. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के कर्ज देऊ शकते. कर्ज ३० ते ७५ लाखांमधलं असेल तर ८० टक्के, त्याच्या वर ७५ टक्के.

यात दोन मेख आहेत. पहिली म्हणजे ‘जास्तीत जास्त’ हा शब्द. ९० टक्के द्यायलाच पाहिजेत असं बँकेवर बंधन नाही. तुमचा पगार रोखीने होत असेल, सिबिल स्कोअर डळमळीत असेल किंवा बिल्डिंग बँकेच्या मंजूर यादीत नसेल, तर बँक ८० किंवा ७५ टक्क्यांवर थांबते.

दुसरी मेख म्हणजे ‘किंमत’ कोणाची? बिल्डरने सांगितलेली की बँकेने ठरवलेली? बँक आपला माणूस पाठवून घराचं मूल्यांकन करते. बिल्डर २० लाख म्हणतो आणि बँकेचा माणूस १८ लाख म्हणतो, असं तालुक्याच्या ठिकाणी सर्रास होऊ शकतं, कारण तुलनेला फार व्यवहार झालेले नसतात. मग ९० टक्के निघतात १८ लाखांचे, म्हणजे १६ लाख २० हजार. उरलेले ३ लाख ८० हजार तुमचे. तुम्ही मात्र २ लाख धरून चालला होतात.

त्यात स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी फी ही बँक घराच्या किमतीत धरत नाही. घर १० लाखांच्या आतलं असेल तरच ती धरायची मुभा आहे.

आता पूर्ण हिशोब मांडू

हिशोबाला सोपा म्हणून करारावर २० लाख किंमत असलेला, बांधकाम सुरू असलेल्या इमारतीतला फ्लॅट धरू. नवरा-बायको दोघं कमावतात, मिळून महिन्याला ३८ हजार घरात येतात. बँक खूश आहे, पूर्ण ९० टक्के, म्हणजे १८ लाख देते. तुमचे २ लाख.

मग स्टॅम्प ड्युटी. महाराष्ट्रात जागा कोणत्या हद्दीत आहे त्यावर ती ठरते आणि स्थानिक अधिभार धरून साधारण ५ ते ७ टक्क्यांच्या घरात जाते. आपण ६ धरू, १ लाख २० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. आपले झाले २० हजार. जीएसटी परवडणाऱ्या घरांना १ टक्का, म्हणजे आणखी २० हजार. (४५ लाखांच्या आतलं आणि ठरावीक क्षेत्रफळाच्या आतलं घर असेल तर १ टक्का, नाहीतर ५. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळालेलं तयार घर घेतलं तर जीएसटी शून्य.) बँकेची प्रोसेसिंग फी, वकील, कर्जाचा विमा यांचे अंदाजे ३० हजार धरा. वीजमीटर, सोसायटी स्थापना, वर्षाचा मेंटेनन्स आगाऊ असं बिल्डर शेवटी जे मागतो त्याचे ६० हजार धरा.

बेरीज साडेचार लाख. आणि हे सगळं तुमच्या बाजूने घडलं तर. बँकेने ८५ टक्केच दिले की साडेपाच लाख.

म्हणून होर्डिंगवरचा १ लाखाचा आकडा खोटा असतो असं नाही, तो फक्त बुकिंगचा असतो. बाकीचे साडेतीन लाख पुढच्या काही महिन्यांत एकेक करून मागितले जातात. तोवर तुम्ही टोकन देऊन बसलेले असता, पाहुण्यांत सांगून झालेलं असतं. मग ते पैसे येतात पर्सनल लोनमधून किंवा बायकोचे दागिने गहाण ठेवून. १८ लाखांचं कर्ज ८ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १५ हजार रुपये येतो. ३८ हजारांत तो बसतो. त्याच्यावर पर्सनल लोनचा ८-९ हजारांचा हप्ता चढला की महिना पंधरा तारखेलाच संपतो.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. बांधकाम सुरू असलेल्या घराचं कर्ज टप्प्याटप्प्याने सुटतं आणि सुटलेल्या रकमेवर व्याज लगेच सुरू होतं. घर तयार होईपर्यंत तुम्ही भाडंही भरता आणि व्याजही. ताबा दोन वर्षं लांबला तर हा दुहेरी भार दोन वर्षांचा.

स्टॅम्प ड्युटीत एक सवलत आहे, ती मात्र घ्याच. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात १ टक्का कमी लागतो. आपल्या उदाहरणात सरळ २० हजार वाचतात. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ही सवलत नाही. ‘दोघांचं नाव हवं’ हा हट्ट किती रुपयांना पडतो ते घरी बसून ठरवा.

‘झीरो डाऊन पेमेंट’ म्हणजे काय भानगड?

रिझर्व्ह बँक म्हणते किमान १० टक्के तुमचे हवेत आणि एजंट म्हणतो एक रुपया लागणार नाही. दोघंही खरं कसं बोलतील?

बहुतेक वेळा होतं असं. घर विकायचंय १८ लाखांना. करारावर लिहायचे २० लाख. बँक २० लाखांचे ९० टक्के देते, म्हणजे १८ लाख. बिल्डरला त्याचे पैसे मिळाले, तुम्ही काही दिलं नाही, सगळे खूश. पण करारावर खोटी किंमत लिहून बँकेकडून पैसे घेणं ही बँकेची फसवणूक आहे आणि त्या करारावर सही तुमची असते, एजंटची नाही. शिवाय ड्युटी तुम्ही २० लाखांवर भरता. आणि चार वर्षांनी घर विकायची वेळ आली तर बाजारभावापेक्षा कर्जच जास्त, अशी अवस्था होऊ शकते.

मग साडेचार लाख साठवायचे कसे?

यात जादू नाही. पोस्टाची पाच वर्षांची आवर्त ठेव, म्हणजे आरडी घ्या. ६.७ टक्के व्याजदराने महिन्याला ५ हजार भरले तर पाच वर्षांत ३ लाख भरून होतात आणि हातात साधारण ३ लाख ५७ हजार येतात. साडेचार लाख हवे असतील तर महिन्याला ६,३०० रुपये.

पण पाच वर्षांत घर २० लाखांवर थांबून राहणार नाही. किंमत वर्षाला ५ टक्क्यांनी वाढली तरी तेच घर साडेपंचवीस लाखांच्या आसपास जातं आणि तुमचा हिस्सा साडेचारवरून पावणेसहा लाखांकडे. म्हणून एकच आरडी लावून निश्चिंत होऊ नका. दरवर्षी पगार वाढला की हजार-दीड हजाराची दुसरी आरडी उघडा. शेअर बाजारातल्या एसआयपीचा सल्ला सोशल मीडियावर उदंड मिळेल, पण दोन-तीन वर्षांत लागणारे पैसे तिथे ठेवणं म्हणजे नेमक्या बुकिंगच्या महिन्यात बाजार पडला तर हात चोळत बसणं. दहा वर्षांनी लागणाऱ्या पैशांची गोष्ट वेगळी.

शहापूर-मुरबाडची अडचण वेगळीच आहे. इथे सगळ्यांना एक तारखेला पगार होत नाही. भात दिवाळीनंतर विकला जातो. गवताचे पैसे वेगळे येतात, भेंडी-काकडीचे वेगळे, वीटभट्टीचा हंगाम वेगळा. अशा घराला ‘महिन्याला ६,३०० भरा’ हा सल्ला देणं सोपं आणि पाळणं अवघड. पोस्टाच्या आरडीचे लागोपाठ हप्ते चुकत गेले तर चार हप्त्यांनंतर खातं खंडित होतं, मग ठरावीक मुदतीत चालू करून घ्यावं लागतं. अशांनी भाताचे पैसे आले की त्याच आठवड्यात वर्षाचे आरडीचे हप्ते आगाऊ भरावेत, पोस्टात तशी सोय आहे आणि थोडी सूटही मिळते. किंवा सरळ एकरकमी मुदत ठेव करावी. भाताचे पैसे आणि म्हशाची जत्रा यांच्यात फार दिवस नसतात, हे मुरबाडकरांना वेगळं सांगायला नको.

मुरबाड एमआयडीसी, आसनगावचे कारखाने, हायवेची गोदामं यांत काम करणाऱ्यांकडे आणखी एक साठा असतो आणि तो बऱ्याचदा विसरलेला असतो. पीएफ. घर घेण्यासाठी त्यातून पैसे काढता येतात. पूर्वी त्याला पाच-पाच वर्षं नोकरीची अट होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने नियम सोपे करून १२ महिन्यांच्या नोकरीवर आणायचं ठरवलं. कंत्राटदार बदलला की नवं खातं उघडतं आणि जुनं तसंच पडून राहतं, म्हणून आधी यूएएन नंबरवर सगळी जुनी खाती एकत्र करून घ्या.

भिशी, पतपेढी आणि ५ लाखांचं कवच

गावाकडची बचत प्रत्यक्षात तिघांकडे जाते: भिशी, पतसंस्था आणि सोनं.

भिशीत शिस्त लागते हे खरं. ओळखीचे लोक असतात, दर महिन्याला लाज म्हणून तरी पैसे भरले जातात. पण कागद नसतो. ज्याने आधी उचलली तो पुढे गायब झाला तर दाद मागणं फार अवघड जातं. छोट्या रकमेला ठीक, घराच्या पैशांना नाही.

पतसंस्थेचा व्याजदर बँकेपेक्षा जास्त असतो, माणूस घरी येऊन रोजचे पैसे घेऊन जातो. पण बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचं ५ लाखांपर्यंतचं विमासंरक्षण आहे. राष्ट्रीयीकृत असो, खासगी असो की सहकारी बँक असो. पतसंस्थेला ते नाही. ‘सहकारी’ हा शब्द दोन्हींच्या पाटीवर असतो, म्हणून गफलत होते. रोजची बचत खुशाल पतसंस्थेत करा, पण रक्कम ५०-६० हजारांवर गेली की उचलून बँकेत किंवा पोस्टात टाका, असं माझं मत.

सरकार काही देतं का?

देतं, पण हद्द बघून. शहापूर आणि मुरबाड ही नगरपंचायतींची गावं आहेत, म्हणजे शहरी भाग. वासिंद, आसनगाव, खर्डी किंवा सरळगाव, धसई, टोकावडे इथे ग्रामपंचायती. त्यामुळे दोन किलोमीटरच्या अंतरात योजना बदलू शकते.

शहरी पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि देशात कुठेही पक्कं घर नसलेल्या कुटुंबाला गृहकर्जाच्या व्याजात सवलत आहे. घर ३५ लाखांच्या आत, कर्ज २५ लाखांच्या आत. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये. पण हे पैसे पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात येतात. म्हणजे डाऊन पेमेंटला त्यांचा काही उपयोग नाही. ‘सबसिडीतून डाऊन पेमेंट ॲडजस्ट करू’ असं कोणी म्हणालं तर तिथेच चहा संपवून उठा. बुकिंगआधी बँकेला लेखी विचारा की ही जागा योजनेच्या हद्दीत बसते का.

ग्रामीण योजनेत घर विकत घेण्यासाठी नाही, बांधण्यासाठी पैसे मिळतात. सपाट भागात १ लाख २० हजार, शिवाय रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. कातकरी कुटुंबांसाठी पीएम-जनमनमधून २ लाख रुपये. इतर आदिवासींसाठी शबरी, अनुसूचित जातींसाठी रमाई. ज्यांनी घरकुल बांधलंय त्यांना माहीत आहे की या पैशांत जोतं आणि भिंती उठतात, पुढे हात पसरावा लागतो. इथेही तेच गणित लागू होतं, फक्त त्याला डाऊन पेमेंट म्हणत नाहीत. ज्या घरात लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये येतात तिथे ते आरडीत टाकले तर पाच वर्षांत साधारण १ लाख ७ हजार होतात. पाच वर्षं योजना जशीच्या तशी राहील असं धरू नका, पण जोवर येतायत तोवर ते स्लॅबचे पैसे आहेत.

साठवलेले पैसे देताना

पाच वर्षं साठवायला लागतात आणि पाच मिनिटांत द्यायला. म्हणून थोडं थांबा.

रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. आणि रोख? घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही. चेक किंवा ऑनलाइन, आणि पावती लगेच. आठपेक्षा जास्त फ्लॅट किंवा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन असलेला प्रकल्प महारेराकडे नोंदलेला असावाच लागतो. होर्डिंगवरचा नंबर घ्या आणि महारेराच्या साइटवर टाकून बघा.

पण नंबर आहे म्हणून डोळे मिटू नका. हाकेच्या अंतरावरचं डोंबिवली आठवा. तिथल्या ६५ इमारतींनी पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेराची नोंदणी मिळवली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले. त्यांत कर्ज काढून घर घेतलेली साधी कुटुंबं होती. म्हणून बांधकाम परवानगीची प्रत घेऊन ती ज्या कार्यालयाची आहे तिथे जाऊन खातरजमा करा. ग्रामपंचायतीची घरपट्टी पावती आणि ‘ना हरकत’ दाखला म्हणजे इमारतीची परवानगी नव्हे. घरपट्टी बेकायदा बांधकामालाही लागते.

फ्लॅटऐवजी प्लॉट घेणाऱ्यांना इथे धोका जास्त. ‘सहा लाखांत दोन गुंठे’ म्हटलं की डाऊन पेमेंटच्या पैशात आख्खी जमीनच मिळते असं वाटतं. पण शेतजमीन बिगरशेतकऱ्याला सहजासहजी घेता येत नाही. सातबारा सामायिक असेल तर तुमचे दोन गुंठे नेमके कुठे, हे कागदावर कुठेच नसतं. आणि शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाडचाही काही भाग. आदिवासी खातेदाराची जमीन शासनाच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला घेता येत नाही. नोटरीच्या साठेकरारावर घेतली तर पैसेही गेले आणि जमीनही नाही, आणि ज्याची जमीन गेली त्याच्यावरचा अन्याय तो वेगळाच. सातबाऱ्याच्या इतर हक्कांचा रकाना आणि जुने फेरफार वकिलाला दाखवायचा खर्च काही हजारांचा आहे.

मुरबाडमध्ये आणखी एक वाक्य ऐकायला मिळेल, ‘रेल्वे येतेय, भाव दुप्पट होणार’. कल्याण-मुरबाड रेल्वेची वाट आजोबांच्या पिढीपासून बघणं चालू आहे. येईल तेव्हा आनंदच आहे. पण आज घर घेताना एसटीने किंवा दुचाकीने कल्याण गाठायला किती वेळ आणि किती पैसे लागतात, तेच धरा. आसनगावला घर घेणाऱ्याने सकाळची लोकल आठवडाभर करून बघावी. पास, रिक्षा, बाहेरचं खाणं धरून वाचलेल्या भाड्यातलं किती उरतं ते कळतं.

आणि एकदा तरी मे महिन्यात जागा बघायला जा. भातसा, तानसा, मोडकसागर ही मुंबईला पाणी देणारी धरणं याच तालुक्यात आहेत आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे पाडेही याच तालुक्यात. इमारतीला नळयोजनेचं पाणी आहे की फक्त बोअर, हे ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं. शेजारच्या राहत्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा, मागच्या मे महिन्यात टँकर किती आले आणि घरटी किती पैसे काढले. तो आकडा हप्त्याच्या खाली लिहा आणि मग बघा, ३८ हजारांत बसतंय का.